‘जंबो’ : एका आकारवाचक शब्दाचा उगम, अर्थांतर आणि मुंबई उपनगरांतील वापर

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रविवारी देखभालीच्या कामासाठी काही तास मार्ग बंद ठेवले जातात. अंधेरी-बोरिवलीच्या प्रवाशाला याची सूचना ‘जंबो ब्लॉक’ या नावाने मिळते, तर घाटकोपर-मुलुंडच्या प्रवाशाला ‘मेगाब्लॉक’ या नावाने. पश्चिम रेल्वेचा ब्लॉक बहुधा सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी तीनच्या सुमारास संपतो. मध्य रेल्वेचा अकरा वाजून गेल्यावर सुरू होतो आणि चारच्या आत संपतो. दोन्हींचा कालावधी जवळजवळ सारखाच, सुमारे पाच तासांचा. बोलींचे नकाशे तयार करताना एका शब्दाचा प्रदेश जिथे संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तिथे अभ्यासक रेषा आखतात. तशी रेषा मुंबई उपनगरांत आखायची झाल्यास ती पश्चिम आणि पूर्व उपनगरांच्या मधून, दोन रेल्वेमार्गांना वेगळे करीत जाईल. मात्र ही रेषा लोकांच्या बोलण्यातून उमटलेली नाही, ती दोन कार्यालयांच्या पत्रकांनी आखली आहे.

पाच तासांना एकीकडे जंबो आणि दुसरीकडे मेगा म्हटले जात असेल, तर या दोन शब्दांनी आकाराविषयी नेमके काय सांगितले, असा प्रश्न उद्भवतो. ‘जंबो’ला मराठीत ‘अवाढव्य’, ‘भला मोठा’ असे पर्याय देऊन काम भागवले जाते. प्रत्यक्ष वापर तपासला असता हे पर्याय अपुरे पडतात. मराठीत हा शब्द आकार मोजत नाही. तो कोण उच्चारतो आणि त्या मोठेपणाचा भार कोणी वाहायचा, यावर त्याचा अर्थ ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचे धागे शब्दाच्या जन्मकथेपर्यंत पोहोचतात.

हत्ती आणि त्याचे नाव

आज प्रचलित असलेल्या अर्थाचा जनक एक आफ्रिकी हत्ती आहे. १८६० च्या सुमारास जन्मलेले हे पिल्लू ईशान्य आफ्रिकेत पकडले गेले, पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात आले आणि जून १८६५ मध्ये तेथून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेले. मॅथ्यू स्कॉट या माहुताच्या देखरेखीखाली ते वाढले. त्याच्या पाठीवर बसून फेरी मारणे हा लंडनच्या मुलांचा ठरलेला आनंद झाला. १८८२ मध्ये संग्रहालयाने हा हत्ती फिनियस बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला २,००० पौंडांना विकला, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा गहजब झाला. शाळकरी मुलांनी व्हिक्टोरिया राणीला पत्रे लिहिली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. बार्नमला हा गोंधळ हवाच होता, कारण फुकट मिळणारी प्रसिद्धी नाकारणारा तो गृहस्थ नव्हता. त्याच वर्षापासून ‘जंबो’ हे इंग्रजीत सामान्य विशेषण म्हणून रूढ झालेले आढळते.

या कथेतील एक तपशील अर्थविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बार्नमच्या जाहिराती हत्तीची उंची सुमारे तेरा फूट सांगत. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्याचा सांगाडा जपलेला आहे आणि त्यावरून अभ्यासकांनी काढलेली खांद्यापाशी उंची साधारण ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फूट भरते. हत्ती मोठाच होता, त्याच्या वयाच्या मानाने विशेष मोठा होता. पण शब्दाला जो आकार चिकटला तो प्राण्याचा नव्हे, जाहिरातीचा. मोजमाप आणि विशेषण यांच्यातील अडीच फुटांची ही तफावत शब्दाच्या जन्मापासूनची आहे. १५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे सर्कशीचा खेळ आटोपून परतताना मालगाडीची धडक बसून जंबो मेला. त्याचे भरलेले कातडे अमेरिकेतील टफ्ट्स या शिक्षणसंस्थेत ठेवले होते, तेही १९७५ मध्ये आगीत गेले.

हत्तीला हे नाव का दिले गेले, याविषयी एकमत नाही. पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या अठराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांनी गॅम्बिया नदीच्या प्रदेशातील एका मुखवटाधारी पात्राचे ‘मम्बो जम्बो’ असे नाव नोंदवले होते. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ ‘निरर्थक बडबड’ असा झाला. त्या जोडशब्दाचा उत्तरार्ध हत्तीला मिळाला असावा, हे एक मत. काँगो भाषेतील हत्तीवाचक ‘न्झांबा’ या शब्दाशी संबंध जोडणारे दुसरे. स्वाहिलीतील ‘जांबो’ हे अभिवादन किंवा ‘जुंबे’ म्हणजे मुखिया यांच्याकडेही बोट दाखवले जाते, पण तो संबंध ध्वनिसाम्यापलीकडे फारसा जात नाही. मराठी वाचकाला ‘जंबुद्वीप’ आठवणे स्वाभाविक आहे. तेथील ‘जंबू’ मात्र जांभळाचे झाड आहे, त्याचा या हत्तीशी काही संबंध नाही.

या व्युत्पत्तींहून अधिक उपयोगी पडणारी एक नोंद आहे. हत्ती लंडनला येण्याच्या चार दशके आधी, १८२३ मध्ये, इंग्रजी बोलभाषेच्या एका कोशात ‘जंबो’ हा शब्द ‘बेढब, अजागळ माणूस’ या अर्थाने नोंदवला गेला होता. म्हणजे शब्दात मुळात अवजडपणाची, चेष्टेची छटा होती. हत्तीच्या लोकप्रियतेने ती पुसली आणि कौतुकाची छटा वर आली. आजच्या इंग्रजीत ती जुनी छटा क्वचितच जाणवते. मराठीत मात्र ती परत आली आहे. ती कोणत्या संदर्भात परतली, हे पाहण्यापूर्वी मोठेपणाविषयीचा मराठीचा स्वतःचा व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो.

मराठीतील मोठेपणाचे व्याकरण

मराठी आकार सांगण्यासाठी विशेषणांवर अवलंबून नाही. लिंगभेदातूनच ती आकारभेद दाखवते. लोटा-लोटी, डबा-डबी, गाडा-गाडी, सुरा-सुरी, गोळा-गोळी, हंडा-हंडी या जोड्यांत आकारान्त पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूचे आणि ईकारान्त स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचे असते. व्याकरणग्रंथांत लिंगविचाराच्या प्रकरणी याची दखल घेतली जाते. तिथे सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की आकार बदलला की उपयोगही बदलतो. सुरीने भाजी चिरतात, सुरा हाती घेतलेल्या माणसापासून लोक दूर सरतात. गाड्यावर ओझे लादतात, गाडीत माणसे बसतात. डबीत कुंकू राहते, डब्यात धान्य. म्हणजे मराठीचा आकारवाचक प्रत्यय वस्तूचे माप देतो आणि त्या वस्तूशी माणसाचे नाते कोणते, हेही सुचवतो.

दुसरी रीत प्राण्यांची आणि पुराणपात्रांची. घोडचूक, घोडनवरी या शब्दांत घोडा प्रमाणाबाहेर वाढलेपण दाखवतो. कुंभकर्णाच्या नावाने झोप मोजली जाते, बकासुराच्या नावाने खाणे. लांबत जाणाऱ्या कामाला मारुतीच्या शेपटाची उपमा मिळते. विशेषनामाचे सामान्य विशेषण होण्याची जी प्रक्रिया जंबोच्या बाबतीत घडली तीच इथेही घडली आहे. फरक एवढाच की यातील प्रत्येक नाव मोठेपणाचा एकच प्रकार दाखवते. मारुतीचे शेपूट वाढते, पण ते खात नाही. कुंभकर्ण झोपतो, पण लांबत नाही. ‘जंबो’ला असे बंधन नाही. विमान, मंत्रिमंडळ, वडापाव, रुग्णालय आणि रेल्वेची सुट्टी ही सारी त्याच्या कक्षेत येतात.

अर्थात मराठी शब्द सदैव काटेकोर राहिले आणि परक्या शब्दाने ढिलाई आणली, असे मानणे चुकीचे ठरेल. ‘अजस्र’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘अखंड, सतत’ असा आहे. मराठीत तो ‘महाकाय’ झाला. ‘प्रचंड’ मुळात उग्रतेचा वाचक होता, पुढे तो गर्दीला, खर्चाला आणि आता आनंदालाही लागतो. लिंगाधारित आकारव्यवस्थेलाही मर्यादा आहेत. ‘आगगाडी’ हे जमिनीवरचे सर्वांत अजस्र वाहन असूनही तिने लहानपणाचे स्त्रीलिंगी रूप घेतले, आणि ‘आगगाडा’ म्हणावे असे कोणालाही वाटले नाही. ‘ब्लॉक’सारख्या उसन्या, व्यंजनान्त शब्दाला तर या व्यवस्थेत शिरण्याची वाटच नाही. त्यामुळे त्याला मोठे करण्यासाठी उसने विशेषणच पुढे जोडावे लागले. ‘जंबो’ मराठीत सहज रुळला याला एक ध्वनिगत कारणही असावे. अगडबंब, बंब, लंबोदर, तुंबणे अशा शब्दांत अनुनासिकानंतर येणारा ‘ब’ मराठी कानाला आधीच फुगलेला वाटतो.

विमान, सर्कस आणि सभागृह

मुंबईकरांच्या मनावर हा शब्द ठसवला तो मुख्यतः विमानाने. बोइंग ७४७ ने पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ रोजी केले. ‘जंबो जेट’ हे नाव त्याआधीच, १९६० च्या दशकात प्रचारात आले होते. एअर इंडियाच्या ताफ्यात ‘एम्परर अशोक’ हे पहिले ७४७ विमान १९७१ मध्ये दाखल झाले. विमानतळ अंधेरी, सांताक्रूझ, सहार या वस्त्यांच्या मधोमध असल्याने या भागातील लोकांना जंबो आधी कानाने कळला, शब्द म्हणून मग. १ जानेवारी १९७८ रोजी हेच ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. शब्दाची प्रतिष्ठा तरीही ओसरली नाही. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या जंबो सर्कशीने तो पुन्हा हत्तीकडे आणि तंबूकडे नेला. क्रिकेटपटू अनिल कुंबळे यांच्या टोपणनावात तर तो निव्वळ जिव्हाळ्याचा आहे. बोइंगने शेवटचे ७४७ विमान जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द केले आणि एअर इंडियाचे अखेरचे ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचे निघून गेले. वस्तू आकाशातून गेली, पण शब्द जमिनीवर राहिला.

विमानाच्या संदर्भात मोठेपण वाहणारे यंत्र आणि त्यात बसणारी माणसे यांचा स्वार्थ एकच असतो. विमान जेवढे मोठे तेवढी प्रवाशाची सोय अधिक. त्यामुळे तिथे शब्द स्तुतिवाचक राहतो. मंत्रिमंडळाच्या संदर्भात तसे नाही. मराठी वृत्तपत्रांत ‘जंबो मंत्रिमंडळ’ किंवा ‘जंबो कार्यकारिणी’ असा प्रयोग आला की तो कधीही कौतुकाचा नसतो. त्यात भारंभार माणसे, नेमून दिलेले काम नाही आणि खर्च जनतेचा, असे तीन आरोप एका विशेषणात सामावलेले असतात. इंग्रजीने १८८२ मध्ये गमावलेला ‘बेढब, अजागळ’ हा अर्थ मराठी संपादकांनी १८२३ चा कोश न पाहता पुन्हा शोधून काढला. याला मराठीतच एक आधार होता. ‘ढब्बू’ हा शब्द जाडजूड तांब्याच्या पैशाला लागे, मिरचीला लागतो आणि स्थूल, मंद माणसालाही लागतो. मोठेपणात सुस्तपणा पाहण्याची ही दृष्टी मराठी बोलीला नवी नाही. जंबोला ती ढब्बूकडून मिळाली असे म्हणण्यास पुरावा नाही, परंतु दोघांचा स्वभाव एकच आहे.

१९९७ मध्ये उत्तर प्रदेशात ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले, तेव्हा देशभर या विशेषणाला चांगलेच काम मिळाले होते. पुढे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची संख्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर मर्यादित केली. महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेसाठी ही मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. भाषेच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय आहे. जे काम विशेषण वर्षानुवर्षे उपहासाने करीत होते ते एका आकड्याने केले. त्यानंतर ‘जंबो’ मंत्रिमंडळापासून सुटून पक्षांच्या कार्यकारिण्यांकडे अधिक वळलेला दिसतो, कारण उपाध्यक्ष आणि सरचिटणीस किती असावेत यावर घटनेचे बंधन नाही. जिथे संख्या ठरलेली नाही तिथे विशेषणाला आश्रय मिळतो.

पाव, अंडे आणि जंबोचे माप

बाजारातील वापर याच्या नेमका उलट आहे. तिथे ‘जंबो’ म्हणजे आमिष. उपनगरांशी याचे नाते विशेष जवळचे आहे. २००१ मध्ये मालाडमध्ये सुरू झालेल्या वडापावच्या एका व्यवसायाने पुढे ‘जंबोकिंग’ हे नाव धारण केले आणि हातगाडीवरच्या खाद्याला दुकानाचे, साखळीचे रूप दिले. आज उपनगरांतल्या अनेक पाट्यांवर साध्या वडापावशेजारी ‘जंबो वडापाव’ वेगळ्या दराने लिहिलेला असतो. इथे व्याकरणाची एक गंमत दडलेली आहे. ‘वडा’ हा शब्द स्वतःच मोठ्या आकाराचा आहे, त्याचे लहान रूप ‘वडी’, जी अळूची किंवा कोथिंबिरीची असते. ‘जंबो वडा’ म्हणताना व्याकरणाने आधीच मोठी केलेली वस्तू परभाषेच्या साहाय्याने पुन्हा मोठी केली जाते. याचा अर्थ ‘वडा’ या रूपातील आकारवाचकता बोलणाऱ्याच्या जाणिवेतून गेली आहे, एवढाच निष्कर्ष इथे काढता येतो. मराठी मरणपंथाला लागली, हा निष्कर्ष निघत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने खरी अडचण दुसरीच आहे. साध्या वड्याचेच वजन ठरलेले नसताना जंबो वडा कशापेक्षा मोठा? या विशेषणात तुलना आहे, पण तुलनेचा पाया दिलेला नाही. हा दोष शब्दाच्या अंगचा नाही, हे अमेरिकेतील अंड्यांच्या प्रतवारीवरून दिसते. तेथील कृषिखात्याच्या प्रमाणानुसार डझनभर अंड्यांचे वजन किमान ३० औंस, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम भरले तरच त्यांना ‘जंबो’ म्हणता येते. त्याखालोखालच्या प्रतीला २७ औंस, त्याखालील ‘लार्ज’ प्रतीला २४ औंस. इथे जंबो हे शुद्ध मोजमाप आहे, त्यात ना कौतुक ना थट्टा. त्याच देशात १९६६ च्या वेष्टनविषयक कायद्याने मापाच्या एककापुढे ते फुगवून सांगणारे विशेषण जोडण्यास मनाई केली. म्हणजे शब्दाला किमान मर्यादा दिली तर तो प्रामाणिक राहतो आणि ती नसेल तर त्याला मापापासून दूर ठेवावे लागते, ही जाण तिथल्या व्यवहाराला आली. भारतातही २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार वेष्टनबंद मालावर निव्वळ वजन वा माप प्रमाणित एककात छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘जंबो पॅक’वरील मोठी अक्षरे आणि खालचे ग्रॅमचे बारीक आकडे अशी दोन भाषांची वस्ती एकाच पुडक्यावर आढळते. हातगाडीवरच्या वड्याला हे संरक्षण नाही. तिथे ग्राहकाचा डोळा हेच माप.

२०२० : आश्वासन म्हणून आकार

२०२० च्या उन्हाळ्यात या शब्दाने एकदम वेगळे वळण घेतले. करोनाच्या साथीत खाटा अपुऱ्या पडू लागल्यावर मुंबईत मोकळ्या मैदानांवर आणि प्रदर्शनाच्या दालनांत तात्पुरती उपचार केंद्रे उभारली गेली. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदान, गोरेगावचे नेस्को, मुलुंडच्या जुन्या कारखान्याचे आवार, दहिसर ही त्यांतील उपनगरांतली ठळक ठिकाणे. पुढे मालाड, कांजूरमार्ग येथेही अशी केंद्रे झाली. वांद्रे-कुर्ला संकुलातील केंद्राचा पहिला टप्पा सुमारे हजार खाटांचा होता. शासकीय वर्गीकरणात या केंद्रांना लांबलचक नावे होती, परंतु वृत्तपत्रांनी, महापालिकेच्या पत्रकांनी आणि लोकांनी स्वीकारलेले नाव एकच, ‘जंबो कोविड केंद्र’. त्याचेही पुढे ‘मुलुंड जंबो’, ‘दहिसर जंबो’ असे आटोपशीर रूप झाले आणि विशेषणाचे चक्क स्थानवाचक नाम बनले.

या वापरात उपहास नव्हता आणि विक्रीही नव्हती. खाट मिळेल की नाही या धास्तीत असलेल्या कुटुंबासाठी ‘जंबो’ या शब्दाचा अर्थ ‘तिथे जागा असेल’ असा होता. आकाराने धीर देण्याचे काम केले. पाच दशके ज्या शब्दात विमानाचा दिमाख आणि मंत्रिमंडळाची टवाळी नांदत होती, तो शब्द आजारी माणसाच्या नातेवाइकाने रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगायचा पत्ता झाला. याच शब्दाच्या निवडीवर टीकाही करता येते. हजार खाटा हे उत्तर आहे, पण प्राणवायूच्या किती, अतिदक्षतेच्या किती, डॉक्टर किती, हे प्रश्न ‘जंबो’ म्हटल्याने सुटत नाहीत. मोठ्या मंडपाचे वर्णन आणि पुरेशा उपचाराचे वर्णन या भिन्न गोष्टी आहेत आणि हा शब्द दोहोंमधील अंतर झाकतो. साथ ओसरल्यावर केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्यांच्या कंत्राटांविषयीच्या चौकशांच्या बातम्या २०२२-२३ मध्ये येऊ लागल्या, तेव्हा त्याच विशेषणाला मथळ्यांत पुन्हा जुना, संशयाचा सूर लागला. दोन-तीन वर्षांत एका शब्दाने धीरापासून शंकेपर्यंतचा प्रवास केला. त्यातील अक्षर बदलले नाही, बोलणारा बदलला.

पुन्हा रेल्वेकडे

रेल्वेच्या पत्रकातील ‘जंबो’ आता अधिक स्पष्ट दिसू लागतो. तो विमानासारखा दिमाखाचा नाही, मंत्रिमंडळासारखा टवाळीचा नाही, वडापावासारखा आमिषाचाही नाही. इथे मोठेपण जाहीर करणारी संस्था एक आणि ते सोसणारा प्रवासी दुसरा. तरीही शब्द मात्र सोहळ्याचा. तो बार्नमच्या तंबूतून आला आहे आणि आपल्याबरोबर थोडी वाद्ये घेऊन आला आहे. गाड्या रद्द होणार, धिम्या मार्गावरच्या जलद मार्गावर वळणार आणि काही स्थानकांवर थांबणारच नाहीत, या माहितीला ‘जंबो’ म्हटले की गैरसोय जणू कार्यक्रम होते. ‘देखभालीसाठी मार्ग बंद’ या साध्या मराठी शब्दांत तो गुण नाही. तिथे मार्ग बंद आहे एवढेच कळते, आणि प्रवाशाला तेवढेच हवे असते.

मध्य रेल्वेच्या ‘मेगा’ची कथा थोडी निराळी आहे. ग्रीक ‘मेगास’ आणि संस्कृत ‘महत्’ हे एकाच प्राचीन मुळातून निघालेले सगोत्र शब्द. ‘मेगाब्लॉक’ नेहमीचाच झाल्यावर त्याहून मोठ्या कामासाठी वृत्तपत्रांना नवा शब्द लागला आणि ‘महामेगाब्लॉक’ तयार झाला. म्हणजे एकच धातू दोन भाषांतून फिरून येऊन शेजारी उभा राहिला, ‘मोठामोठा ब्लॉक’. काही मथळ्यांत ‘जंबो मेगाब्लॉक’ही दिसतो. तेव्हा सुरुवातीला आखलेली पूर्व-पश्चिम रेषाही पुसली जाते. अतिशयोक्तीचा हा नेहमीचा नियम आहे. दर आठवड्याला वापरलेले मोठेपण दर आठवड्याएवढेच उरते आणि खरोखर असाधारण प्रसंगासाठी शब्दकोशात जागा राहत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा मार्गिकांच्या कामासाठी ७२ तासांचा ब्लॉक घेण्यात आला. मे-जून २०२४ मध्ये ठाणे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथील फलाटांच्या कामासाठी तो ६३ तासांचा होता. या दोन्ही प्रसंगी मुलुंड-घाटकोपरच्या प्रवाशांच्या बोलण्यात आणि बातम्यांतही विशेषणापेक्षा आकडा पुढे आला, ‘बहात्तर तासांचा’, ‘त्रेसष्ट तासांचा’. विशेषण संपले तेव्हा भाषा आपोआप मोजमापाकडे वळली. एरवीच्या रविवारी तो आकडा पत्रकाच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतो : कोठून कोठपर्यंत, कोणत्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. अंधेरीच्या फलाटावर उभा असलेला प्रवासी ठळक अक्षरांतला ‘जंबो’ ओलांडून आधी तीच ओळ शोधतो.